खिडकीकडचा गाल

अकरा वर्षं मी ताईच्या गाडीवर कंडक्टर होते आणि त्या अकरा वर्षांत मी तिचा एकच गाल पाहिला. इंजिनाकडचा. माझी जागा इंजिनाच्या झाकणापलीकडे. तिथून तिचा एक कान, एक गाल आणि अर्धं नाक दिसायचं. दुसरी बाजू खिडकीची, ती रस्त्यावरच्या लोकांनी बघायची. समोरासमोर बसून डबा खातानाही आपण माणसाच्या तोंडाकडे बघतो, त्याचे दोन गाल एकमेकांशी ताडून कोण बघतं? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जो घोळ झाला त्यात माझाही वाटा आहे आणि मी अंग काढून घेणाऱ्यातली नाही.

ताई आमच्या डेपोतली सर्वांत जुनी बाई ड्रायव्हर. वय सत्तावन्न, त्यातली चोवीस वर्षं स्टिअरिंगवर. पुरुष मंडळी तिला पाठीमागे ‘तोफ’ म्हणायची आणि समोर ‘ताई’. तिच्या गाडीपुढे कुणी आडवी गाडी घातली की तोफ का, ते सगळ्या रस्त्याला कळायचं. पण डेपोत तिचा खरा दरारा होता तो तिच्या शब्दाचा. सकाळी तिनं गाडीच्या तक्रारवहीत ‘ब्रेक ओढतो’ एवढंच लिहिलं की वर्कशॉपवाले गाडी फिरवून बघायचेसुद्धा नाहीत, सरळ चाक खोलायला घ्यायचे. दुसऱ्या कुणी लिहिलं तर आधी तासभर हुज्जत.

निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि तिला एकच गोष्ट हवी होती: शेवटच्या दिवशीही गाडी चालवूनच घरी जायचं. ही काही फार मोठी मागणी वाटत नाही. पण आमच्याकडे पंचावन्न उलटलेल्या ड्रायव्हरला ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ चौकशीच्या खिडकीत बसवायचा अधिकार डेपोच्या साहेबांना होता. तो अधिकार पुरुषांवर फारसा चालत नसे. ताईच्या आधीच्या दोन्ही बाई ड्रायव्हर मात्र त्याच खिडकीत बसून, ‘गाडी लागलेली नाही, थांबा’ असं लोकांना सांगत सांगत निवृत्त झाल्या. ताई रोज येताजाता त्या खिडकीकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

आता तिच्या चेहऱ्याचं सांगते. चेहरा कोरडा. दुपारच्या दुसऱ्या फेरीपर्यंत तोंडाभोवतीची कातडी अशी ताणायची की हसलं की चरचरायचं. म्हणून ती ड्युटीवर हसत नसे आणि उतारूंना वाटायचं की बाई रागीट आहे. रागीट होतीच, तो भाग वेगळा. पण गालावर पापुद्रे सुटायचे, भुवया खाजायच्या, घाम आला की मीठ चोळल्यासारखी आग व्हायची. यात नटण्यामुरडण्याचा काही संबंध नव्हता. आठ तास रस्त्यावर डोळे ठेवायचे आणि सगळं लक्ष गालाकडे, असं तिचं चाललं होतं.

ती कंपनीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "या वयात असंच असतं."

"या वयात असंच म्हणजे?" ताई म्हणाली. "गाडी जुनी झाली, ब्रेक लागेना, तर मी काय लिहू? या वयात असंच असतं?"

डॉक्टरांनी तिला शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या तिनं घरी नवऱ्याला दिल्या.

याच सुमाराला साहेबांची मेहुणी, म्हणजे त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, आमच्या विश्रांतीच्या खोलीत यायला लागली. दर मंगळवारी, दुपारी, बायकांची ड्युटी बदलते त्या वेळी. साहेबांचंच माणूस, तिला अडवणार कोण? टेबलावर ती गुलाबी पिशवी ठेवायची आणि त्यातून आधी आरसा काढायची. साधा आरसा नव्हे, सगळं तिप्पट मोठं दाखवणारा. त्यात माझ्या नाकावरची भोकं मला पहिल्यांदा दिसली आणि ती अजून माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाहीत. तो आरसा ती प्रत्येकीच्या हनुवटीखाली धरायची आणि हळूच म्हणायची, "बघा, वय बोलायला लागलंय." मग पिशवीतून डबी निघायची. काचेची, सोनेरी झाकणाची, लिंबाएवढी. ‘परिपक्व त्वचेसाठी खास’. त्या एका डबीत माझा आठवड्याचा बाजार आला असता.

बायकांनी घेतल्या. मीही घेतली, कशाला खोटं बोलू. ताईनं घेतली नाही. पण ती भडकली ते माझ्यावरून नव्हे, गाड्या झाडणाऱ्या मावशीवरून. मावशी दिवसाला तीस गाड्यांची धूळ काढायची. तिचा चेहरा ताईच्या वरताण. तिनं पोटाला चिमटा काढून एक डबी घेतली आणि ती पुरवून पुरवून लावायची म्हणून आगपेटीच्या काडीच्या टोकावर मलम घेऊन दोन गालांना दोन ठिपके लावायची. ताईनं ते पाहिलं.

"मावशी, हे तू काय करतेस?"

"जास्त लावलं तर संपेल ना गं."

"मग एवढंसं लावून होतंय काय?"

"काही नाही होत," मावशी म्हणाली. "पण डबी राहते."

ताईनं ती डबी हातात घेतली, चष्मा चढवला आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. ड्युटी संपल्यावर ती डेपोसमोरच्या औषधवाल्याकडे गेली. मी सोबत होते. औषधवाला म्हातारा, बोलायला कंजूष, पण कागद वाचून त्याला हसू आलं.

"पाणी, ग्लिसरीन, पॅराफिन. पहिली नावं ही, म्हणजे मुख्य माल हा. बाकी वास आणि रंग," तो म्हणाला. "तोंड कशानं धुता?"

"डेपोतल्या साबणानं."

"त्या साबणानं हाताचं ग्रीस निघतं, बाई. तोंडाचं तेल काय टिकणार? नुसत्या पाण्यानं धुवा. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, ओलसर राहू द्या, आणि त्या ओल्यावरच हे लावा." त्यानं फळीवरून एक पांढरी प्लास्टिकची बरणी काढली. वर ना फूल, ना बाईचं चित्र. वास नाही. "हॉस्पिटलात अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या अंगाला लावतात. मुख्य माल तोच. वास नाही ते उलट बरं, वासानंच कधीकधी आग होते."

किंमत डबीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी आणि माल डबीच्या पाचपट. ताईनं बरणी घेतली आणि मला म्हणाली, "आता येऊ दे मंगळवार."

मंगळवारी मेहुणी आली, आरसा निघाला, आणि ताईनं टेबलावर सोनेरी डबीशेजारी बरणी आपटली. सगळ्यांपुढे सांगितलं, "दोन्हीत मुख्य माल एकच आहे. खोटं वाटत असेल तर चाळीस दिवस द्या. अर्ध्या तोंडाला तुमचं लावते, अर्ध्याला माझं. माझं उणं पडलं तर तुमच्या पाच डब्या विकत घेईन आणि तुम्हाला हवा तसा फोटो काढून देईन. तुमचं उणं पडलं तर या खोलीत दुकान मांडायचं नाही."

 मेहुणीचे डोळे चमकले. सत्तावन्न वर्षांची ड्रायव्हर, आधी अशी, नंतर तशी; असा फोटो तिला कुठे मिळाला असता? तिनं पिशवीतून कोरी डबी काढून फुकट दिली. "पण गाल मी निवडणार," ती म्हणाली. "खिडकीकडचा माझा. रस्त्यानं जाणाऱ्यांना तोच दिसतो."

"घ्या," ताई म्हणाली.

न्यायाधीश म्हणून मला नेमलं. मला कुणी विचारलं नाही.

मग चाळीस दिवस आमच्या गाडीवर जे चाललं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोक आले असते. सकाळी निघताना एकदा आणि दुपारी शेवटच्या थांब्यावर एकदा. ताई बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुवायची, ओल्या तोंडानं गाडीच्या पायरीवर बसायची आणि मी एका हातात डबी, एका हातात बरणी घेऊन उभी. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत मधोमध हद्द ठरलेली. हद्द ओलांडली की ताई ओरडायची. उतारू विचारायचे, बाईंना काय झालंय. ड्रायव्हर मंडळींना तर चघळायला विषय मिळाला. "ताई, अर्धं सर्व्हिसिंग झालं, अर्धं कधी?" असं एक मिशीवाला रोज विचारायचा. घरी तिचा नवरा म्हणाला होता, "मी कुठल्या बाजूला बसू ते तरी सांग."

दर मंगळवारी मी खोलीच्या खिडकीपाशी तिला उभं करून दोन्ही गाल बघायचे, बोट फिरवून बघायचे. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागला. पाचव्यात तर आंधळ्यालाही कळला असता. इंजिनाकडचा गाल मऊ, पापुद्रा नाही, हसलं तरी ताण नाही. खिडकीकडचा मात्र आधीसारखाच. लालसर, खरबरीत, भुवईच्या टोकाला सालपटं. चाळिसाव्या दिवशी मेहुणी आली. मी दोन्ही गालांवर बोट फिरवलं आणि निकाल दिला: "बरणी."

मेहुणीनं स्वतः हात लावून पाहिला. मग आरसा पिशवीत घातला आणि निघून गेली. त्या दिवशी खोलीत चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मावशी ताईच्या दोन्ही गालांवरून हात फिरवत हसत होती. आठवड्याभरात औषधवाल्याकडच्या सगळ्या बरण्या संपल्या आणि त्याला नव्या मागवाव्या लागल्या. ताई इतकी खूष होती की तीन दिवस तिनं हॉर्नसुद्धा कमी वाजवला.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगत बसले नसते.

जिंकल्यावर ताईनं काय केलं? जे कुणीही करेल तेच. सोनेरी डबी बाजूला टाकली आणि बरणीतलं मलम दोन्ही गालांना लावायला लागली. एक आठवडा, दोन, तीन. मी बघत नव्हते, न्यायाधीशाचं काम संपलं होतं. एक दिवस सकाळच्या फेरीत मोठ्या चौकात आम्ही सिग्नलला थांबलो. खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. तिनं हात उचलून खिडकीकडच्या गालाला लावला आणि तसाच ठेवला. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, ताई हलेना. तिला मागून हॉर्न वाजवायची हिंमत कुणी केलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

शेवटच्या थांब्यावर गाडी लावून ती म्हणाली, "इकडे ये. हा गाल बघ."

मी बघितला. लालसर, खरबरीत, भुवईच्या टोकाला सालपटं.

"तीन आठवडे मी बरणीतलं लावतेय इथे," ताई म्हणाली. "तरी तसाच. म्हणजे तिच्या डबीचंही चाललं नाही, माझंही चाललं नाही. मलमाचा दोष नव्हता. ही खिडकी आहे. चोवीस वर्षं एकाच गालावर ऊन आणि वारा. ड्रायव्हर असून मला कळू नये?"

निकाल मी दिला होता. "ताई," मी म्हटलं, "खिडकी तिनंच मागितली होती. आपण दिली नव्हती. आपण जिंकलोय, आता गप्प बस."

"गाडीचं एक चाक खड्ड्यातून न्यायचं आणि एक डांबरावरून, आणि मग म्हणायचं हा टायर वाईट?"

"टायर काही पाच डब्या विकत घ्यायला सांगत नाही."

"मी वहीत जे लिहिते ते लोक न तपासता खरं धरतात," ताई म्हणाली. "एकदा खोटं राहू दिलं की तपासायला लागतील. आणि ते बरोबरच करतील."

मला तिचा राग आला. खरंच आला. जिंकलेली बाजी कुणी अशी हातानं उधळतं का? आणि वर मला आठवत होतं की बायकांनी सोनेरी डब्यांना नावं ठेवली ती माझ्या बोटाच्या भरवशावर. म्हणून राग आला असेल. पण ताईनं ठरवलं की ठरवलं.

मंगळवारी तिनं मेहुणीला मुद्दाम निरोप देऊन बोलावलं. खोली भरलेली होती. ताई उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं. "माझी चूक झाली. मी म्हटलं तुमचं उणं पडलं, तसं नाही. खिडकीकडच्या गालाला दोन्हीपैकी काहीच पुरत नाही. त्याला आधी उन्हापासून आडोसा हवा. बाकी चेहऱ्याला माझं चालतं हे मी पाहिलं. तुमचंही तेवढंच चालत असेल, मी नाही म्हणणार नाही. तो निकाल रद्द."

मावशीचा चेहरा पडला होता. मेहुणी खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही हरलात."

"नाही. तुम्हीही नाही. दोन्ही सारखी आहेत. आता सारख्याच मालाला ज्यांना दहापट पैसे द्यायचेत त्यांनी खुशाल द्यावेत. तुम्ही पुन्हा या खोलीत या, बसा, विका. मी दिलेली शिक्षा मीच मागे घेते. फक्त तो आरसा आणायचा नाही. माल विकायचा तर माल दाखवा, आमची तोंडं नकोत."

मेहुणीनं पिशवी उघडली. एकीनंही हात पुढे केला नाही. मावशीनं मात्र औषधवाल्याच्या बरणीचं झाकण उघडलं, भिंतीवरच्या नळाला जाऊन तोंड धुतलं आणि ओल्या तोंडाला दोन बोटं भरून मलम लावलं. मला वाटलं होतं की ताईच्या शब्दाची किंमत त्या दिवशी उतरेल. झालं उलटंच. मेहुणी रिकाम्या हातानं साहेबांच्या केबिनकडे गेली.

शुक्रवारी ताईच्या हातात पत्र पडलं. तिनं ते मला वाचायला दिलं. ‘चालकाने स्वतः सर्वांसमक्ष कबूल केल्यानुसार गाडीच्या खिडकीतून येणारे ऊन व वारा यांमुळे त्यांच्या त्वचेस अपाय होत असून, त्यांच्या प्रकृतीचा विचार करता सोमवारपासून त्यांची नेमणूक चौकशी खिडकीत करण्यात येत आहे.’ खाली साहेबांची सही, शिक्का.

तिच्या खरेपणाचीच दोरी करून तिच्या गळ्यात घातली होती. मी म्हटलं, "तुला सांगत होते गप्प बस म्हणून." असल्या वेळी माणसानं हे वाक्य बोलू नये, पण माझ्या तोंडून गेलं. ताईनं पत्र घेतलं आणि घरी गेली. दोन दिवस ती फोनवर आली नाही. नवरा म्हणाला, बसून आहे, गालाला हात लावून.

सोमवारी सकाळी सहाला ती आली ती गणवेशात. चौकशी खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ड्युटी घ्यायला ड्रायव्हरांची रांग लागली होती, एकोणीस जण. ताई रांगेच्या टोकाला गेली आणि पहिल्याला म्हणाली, "मान वळव."

"काय?"

"मान वळव म्हणते ना. आता दुसरीकडे."

तिनं त्याच्या हनुवटीला धरून तोंड इकडे केलं, तिकडे केलं आणि पुढच्याकडे गेली. मिशीवाला म्हणाला, "ताई, सकाळी सकाळी काय हे?" तिनं त्याचीही हनुवटी धरली. "बघ याला," ती मला म्हणाली. मी बघितलं. इंजिनाकडून बघितला तर माणूस चाळिशीचा. खिडकीकडून बघितला तर त्याचा बाप. कानापासून गळ्यापर्यंत कातडी जाड, काळवंडलेली, डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्यांची जाळी. एकोणीसच्या एकोणीस तसेच. जितकी वर्षं जास्त तितका फरक जास्त. आता ते एकमेकांकडे बघायला लागले. एकमेकांच्या हनुवट्या धरायला लागले. "अरे, तुझा तर पार भाजलाय." "तू आपला बघितलास का आधी?" चाळीस दिवस माझ्या हातातल्या डबीवर विनोद करणारी ही माणसं.

मग ताईनं पत्र वाचून दाखवलं. सावकाश, प्रत्येक शब्द.

मिशीवाल्याला कळायला वेळ लागला नाही. "खिडकीच्या उन्हानं कातडीला अपाय झाला की चौकशीत," तो म्हणाला. "मग मी पण चौकशीत. माझा ओव्हरटाइम गेला म्हणजे." ते ताईच्या प्रेमापोटी आले असं मी म्हणणार नाही. काही प्रेमापोटी आले, काही ओव्हरटाइमपोटी, आणि चार-पाच जण पुढे काय होतंय ते बघायला. पण आले. ताई, एकोणीस जण आणि मागे मी, असे साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. खुर्च्या हलवाव्या लागल्या.

साहेब चहा पीत होते. मिशीवाल्यानं टेबलावर वाकून गाल त्यांच्यापुढे धरला. "साहेब, माझाही. मलाही बसवा आत."

"माझाही," दुसरा म्हणाला. मग तिसरा. प्रत्येकानं तोंड फिरवून खिडकीकडची बाजू दाखवली. साहेबांनी कप खाली ठेवला.

"हा काय तमाशा आहे? सगळे आत बसलात तर गाड्या कोण काढणार?"

"तेच विचारायला आलोय," ताई म्हणाली. ती टेबलाजवळ गेली आणि त्यांच्याकडे निरखून बघायला लागली. "तुम्ही किती वर्षं गाडी चालवलीत, साहेब?"

"सतरा," ते म्हणाले. म्हणून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"मान वळवा बरं."

साहेबांनी मान वळवली नाही. पण हात गेला. आपोआप, खिडकीकडच्या गालावर. गाडी सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती. मेहुणीच्या डब्या घरात फुकट येत असणार. तरी तो हात काढल्यावर खालचा गाल आम्हा सगळ्यांना दिसला, आणि आम्हाला दिसला हे त्यांनाही दिसलं.

केबिनमध्ये कुणी हसलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. ते पत्र आणा इकडे. रद्द करतो."

"कशाला रद्द करता?" ताई म्हणाली. "यात तुम्ही खरं तेच लिहिलंय. खिडकीतून येणाऱ्या उन्हानं चालकाच्या कातडीला अपाय होतो. खाली तुमची सही आहे, शिक्का आहे. मी दहा वर्षं तोंडी सांगितलं असतं तरी वर कुणी ऐकलं नसतं. आता हे वर जाईल. सगळ्या गाड्यांच्या ड्रायव्हरच्या खिडकीला ऊन अडवणारी काच मागायला."

"ते तुमच्यापुरतं लिहिलं होतं," साहेब म्हणाले आणि हात पुढे केला. "द्या."

ताईनं पत्राची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.

"चल," ती मला म्हणाली. "सहा चाळीसची फेरी आहे आपली."